आंबा टोपलीतून आरपार का जातो? पोरं गेम ‘बनवतात’ म्हणजे नक्की काय करतात, सोप्या भाषेत

2025 च्या ऑगस्टमध्ये केंद्र सरकारनं ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला तेव्हा आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर नुसता आनंदीआनंद होता, बरं झालं, गेम बंद झाले, आता पोरं अभ्यासाला बसतील. मग महिनाभरातच, सप्टेंबरमध्ये, महाराष्ट्र सरकारनं ॲनिमेशन, व्हिज्युअल इफेक्ट्स, गेमिंग, कॉमिक्स वगैरेंसाठी धोरण मंजूर केलं, 2050 पर्यंत 3,268 कोटी रुपये, आणि त्याच ग्रुपवर तेच काका विचारायला लागले की अहो हे काय चाललंय, दिल्ली बंद करतेय आणि मुंबई पैसे देतेय, मग मुलाला क्लासला घालायचं का नाही ते एकदा सांगा.

काकांची चूक नाही. ‘गेमिंग’ या एका शब्दात तीन वेगळ्या गोष्टी कोंबल्यात.

आधी शब्दाचा घोळ सोडवू

कायद्यानं बंद केलंय ते पैशाचं प्रकरण. पैसे भरायचे आणि जिंकलो तर पैसे मिळतील या आशेनं खेळायचं, ते सगळं बंद, मग त्यात डोकं लागतं का नशीब हा जुना वाद कायद्यानं बाजूलाच ठेवलाय. स्पर्धा म्हणून खेळले जाणारे ई-स्पोर्ट्स आणि साधे करमणुकीचे, शिकण्याचे गेम, यांना उलट त्याच कायद्यात प्रोत्साहन द्यायचं म्हटलंय. आणि राज्याच्या धोरणातले कोटी आहेत ते गेम बनवणाऱ्या उद्योगासाठी. म्हणजे जुगार वेगळा, खेळणं वेगळं, बनवणं वेगळं. मिसळ खाणं आणि मिसळीचं हॉटेल चालवणं यात जेवढा फरक आहे ना, तेवढाच गेम खेळणं आणि बनवणं यात आहे, दोन्हीकडे तर्री असते एवढंच साम्य.

आता ‘बनवणं’ म्हणजे काय हे बहुतेक आईबाबांना माहीतच नसतं, आणि का असावं, आपल्या वेळी हे नव्हतंच. मलाही शब्दांत सांगता आलं नसतं, पण यंदाच्या मे महिन्यात माझी भाची कराडहून माझ्याकडे पुण्याला सुट्टीला आली आणि वीस दिवस माझ्या डायनिंग टेबलवर हा कारखाना चालला होता, त्यामुळे जे समोर बघितलं तेच सांगते. मी स्वतः आयटीत टेस्टिंगला आहे, म्हणजे दुसऱ्यांच्या चुका शोधायचा पगार घेते, गेम मी आयुष्यात बनवला नव्हता.

पहिल्या दिवशी ती म्हणाली, “मावशी, मला फ्री फायरसारखा गेम बनवायचाय.”

फ्री फायर म्हणजे मोबाइलवरचा गोळ्या झाडायचा गेम, सगळी पोरं इथूनच सुरुवात करतात. मी म्हटलं, आधी एक आंबा पाडून दाखव.

गेम म्हणजे पाटी, पुसायची आणि परत काढायची

स्क्रीनवर आंबा वरून खाली येताना दिसतो ना, तो येत वगैरे काही नसतो. कॉम्प्युटर एक चित्र काढतो, पुसतो, आंबा किंचित खाली सरकवून परत काढतो, परत पुसतो, असं सेकंदाला साधारण 60 वेळा. लहानपणी वहीच्या कोपऱ्यात पानापानावर माणूस काढून पानं फर्रकन सोडली की तो पळायचा, तेच हे, फक्त वही संपत नाही. या एकेका चित्राला फ्रेम म्हणतात. एका फ्रेमला वेळ मिळतो सतरा मिलीसेकंदांच्या आत, म्हणजे आपली पापणी लवेपर्यंत पाच-सहा फ्रेम सहज होऊन जातात.

आणि प्रत्येक फेरीत कॉम्प्युटर तीनच कामं करतो. कुठली बटणं दाबलीयत ते बघतो, त्याप्रमाणे आकडे बदलतो, आणि नवीन आकड्यांप्रमाणे चित्र काढतो. बघ, बदल, काढ. याला गेम लूप म्हणतात आणि मोबाइलवरच्या सापापासून ते शंभर जण एकमेकांवर गोळ्या झाडतात त्या गेमपर्यंत सगळ्यांच्या पोटात हेच चक्र फिरत असतं. मराठीत लिहायचं तर असं:

कायम करत राहा:
– डावं बटण दाबलंय? टोपली 8 ने डावीकडे
– उजवं दाबलंय? टोपली 8 ने उजवीकडे
– आंबा 5 ने खाली
– आंबा टोपलीला लागला? गुण = गुण + 1
– पाटी पुसा, सगळं परत काढा

पाटी पुसायची ओळ भाची पहिल्यांदा विसरली. मग काय झालं, आंबा वरून निघाला आणि खालपर्यंत त्याची लांबच लांब पिवळी पट्टी उमटली, आमरस सांडल्यासारखी, कारण प्रत्येक फ्रेमचा आंबा तिथंच राहिला आणि त्याच्यावर पुढचा. ती हसत सुटली, पण त्या एका चुकीनं तिला गेम लूप जेवढा कळला तेवढा माझ्या अर्ध्या तासाच्या भाषणानं कळला नव्हता.

बोर्नव्हिटाच्या डब्यात रवा

वरच्या ओळींत ‘गुण = गुण + 1’ असं आहे. हे गणिताच्या वहीत लिहिलं तर सर वही फेकून देतील, कारण कुठलीच संख्या स्वतःपेक्षा एकानं मोठी नसते. पण इथं बरोबरचं चिन्ह म्हणजे ‘सारखं आहे’ असं नाहीच, इथं त्याचा अर्थ ‘ठेव’. गुण नावाच्या डब्यात आत्ता जे आहे त्यात एक मिळव आणि परत त्याच डब्यात ठेव. अशा डब्याला व्हेरिएबल म्हणतात, मी पुढे डबाच म्हणणार आहे.

डब्याला नाव काय द्यायचं याच्याशी कॉम्प्युटरला काही देणंघेणं नसतं. आपल्याकडे बोर्नव्हिटाच्या डब्यात रवा असतो आणि श्रीखंडाच्या डब्यात हिंग, आईला बरोबर सापडतं, पण आई गावाला गेली की बाकीच्यांचे हाल. तसंच कोडचं, म्हणजे कॉम्प्युटरला लिहून दिलेल्या सूचनांचं आहे. भाचीनं पहिल्या दिवशी डब्यांना अ, अअ, अअअ अशी नावं दिली होती आणि चौथ्या दिवशी तिचं तिलाच कळेना की टोपली कुठल्या अ मध्ये आहे. अख्खी दुपार नावं बदलण्यात गेली, मी मुद्दाम मदत केली नाही.

स्क्रीनवर वाय खाली जातो

आंबा ‘कुठे आहे’ हे सांगायला दोन डबे लागतात, आडवं अंतर एक्स आणि उभं अंतर वाय. आलेखाच्या कागदावर शिकलेलंच, फक्त एक गोम आहे, स्क्रीनवर बहुतेक वेळा शून्य असतो डाव्या वरच्या कोपऱ्यात आणि वाय खाली जाताना वाढतो. जुन्या टीव्हीत चित्र वरून खाली, डावीकडून उजवीकडे, एकेक ओळ करत उमटायचं, ती सवय अजून राहिलीय. त्यामुळे आंबा पाडायचा तर वाय वाढवायचा. शाळेत आलेख वर चढतो आणि इथं उलटा, यावर भाचीचं मत असं होतं की “मोठ्या माणसांनी एकदा बसून काय ते ठरवून टाकायचं ना.”

तिची खिडकी 600 पिक्सेल उंच होती, पिक्सेल म्हणजे स्क्रीनवरचा एक ठिपका. टोपलीची वरची कड 550 वर. आंबा शून्यावरून निघायचा आणि दर फ्रेमला 5 नं खाली यायचा. हे आकडे लक्षात ठेवा, पुढची मजा यातच आहे.

आंबा आरपार गेला ती रात्र

पहिली लेव्हल झकास चालली. आंबा पडतोय, टोपली सरकतेय, झेलला की गुण वाढतोय. मग तिनं दुसरी लेव्हल केली, काही अवघड नाही, आंब्याचा वेग 5 चा 6 केला. आणि दुसऱ्या लेव्हलला एकही आंबा झेलला जाईना! टोपली बरोबर खाली, आंबा बरोबर वर, आणि तो टोपलीतून भुतासारखा आरपार. परत 5 केला की चालतोय. 10 केला, चालतोय. 6 आणि 7 ला नाही. रात्रीचे साडेदहा वाजलेले, ती रडकुंडीला आलेली, “मावशी, तुझा लॅपटॉपच खराब आहे.”

लॅपटॉप नेहमीच खराब असतो, माझ्या ऑफिसमध्येही.

मी तिला एकच सांगितलं, दर फ्रेमला आंब्याचा वाय छापून बघ. तिनं एक ओळ घातली आणि बाजूच्या काळ्या खिडकीत आकडे धावायला लागले, 528, 534, 540, 546, 552, 558. ती बघत राहिली. मग हळूच म्हणाली, “550 येतच नाहीये.”

तिनं लिहिलं होतं, आंब्याचा वाय 550 ‘असेल’ तर झेलला. 5 च्या पाढ्यात 550 येतो. 10 च्या पाढ्यात येतो. 6 च्या पाढ्यात नाही येत, 7 च्याही नाही. दोन-दोन पायऱ्या चढणारा माणूस सातव्या पायरीवर पाय ठेवतच नाही, आणि आपण सातव्या पायरीवर पहारेकरी बसवलेला. कॉम्प्युटरनं काहीच चूक केली नव्हती, जे विचारलं त्याचंच उत्तर दिलं, वाय 550 आहे का, नाही, आहे का, नाही.

उपाय सोपा, ‘550 असेल’ च्या जागी ‘550 किंवा जास्त असेल’. केला. आंबा झेलला गेला आणि एका आंब्याला नऊ गुण मिळाले. आता हे का? कारण 552 ला ‘जास्त आहे’ हे खरं, 558 ला पण खरं, 564 ला पण, असं 600 पर्यंत नऊ फ्रेम खरं, आणि प्रत्येक फ्रेमला एक गुण. कागदावर तिनं स्वतः मोजले. मग झेलला की लगेच आंब्याचा वाय शून्य करून त्याला परत वर पाठवायचा, ही ओळ तिची तिनं शोधली आणि रात्री सव्वाअकराला आमच्या खालच्या मजल्यावरच्या काकूंना ऐकू जाईल एवढ्या जोरात ओरडली.

अशा चुकीला बग म्हणतात. आणि बाहेरून बघणाऱ्याला वाटतं की प्रोग्रामिंग म्हणजे भराभर टाइप करणं, पण त्यातला मोठा भाग हा असा असतो, आकडे बघत बसणं आणि आपण नक्की काय विचारलं होतं हे स्वतःलाच परत वाचून दाखवणं.

कराडला आंबे हळू का पडतात

सुट्टी संपून ती घरी गेली आणि दुसऱ्या दिवशी फोन, की तिथल्या जुन्या लॅपटॉपवर आंबे कापसासारखे तरंगत येतायत. वेग तोच, 6. पण 6 काय? दर फ्रेमला 6. माझ्या लॅपटॉपवर सेकंदाला 60 फ्रेम, म्हणजे सेकंदाला 360 पिक्सेल. तिच्या लॅपटॉपला सेकंदाला 20 फ्रेमच जमत होत्या, म्हणजे 120. आजोबा आणि नातू दोघंही शंभर पावलं चालले तरी दोघं एका वेळेला देवळात पोचत नाहीत.

यावर उत्तर असं की वेग ‘दर फ्रेमला’ न ठेवता ‘दर सेकंदाला’ ठेवायचा, आणि प्रत्येक फेरीत मागच्या फ्रेमपासून किती वेळ गेला ते विचारून तेवढंच सरकवायचं. सहावीतलं अंतर बरोबर वेग गुणिले वेळ.

हीच भानगड एका जगप्रसिद्ध गेममध्ये झाली होती आणि तिथं ती चक्क ठेवून दिली. 1978 मध्ये जपानमध्ये तोमोहिरो निशिकादो यांनी स्पेस इनव्हेडर्स बनवला, त्यात परग्रहवासी रांगेनं खाली येतात आणि आपण खालून गोळ्या मारतो. त्या वेळच्या मशीनला एवढे सगळे परग्रहवासी हलवताना दम लागायचा, म्हणून सुरुवातीला ते हळू चालायचे, आणि आपण मारत गेलो की उरलेले आपोआप जोरात पळायचे कारण मशीनवरचा बोजा कमी झाला. निशिकादोंना हे बघून वाटलं की अरे हे तर भारी आहे, शेवटी शेवटी छाती धडधडते, राहू दे. भाचीला ही गोष्ट सांगायला नको होती, आता तिचा प्रत्येक बग ‘मुद्दाम ठेवलेला’ असतो.

ज्यात दिसतं एक आणि असतं दुसरंच

आपल्या पिढीचा गेम म्हणजे नोकियाचा साप, 1997 मध्ये नोकिया 6110 फोनवर आलेला, फिनलंडच्या तानेली अर्मान्तो यांनी केलेला. तो साप कसा वळवळतो असं वाटतं ना? तो वळवळत नाही. प्रत्येक फेरीला तोंडाच्या पुढे एक चौकोन नवा जोडतात आणि शेपटीचा एक चौकोन काढून टाकतात, मधले सगळे जागेवरच. पावसाळ्यात अंगणात चिखल झाला की आपण मागची वीट उचलून पुढे टाकत जातो तसं. आणि सापानं खाल्लं की काय करायचं? त्या फेरीला मागची वीट उचलायचीच नाही. झाला साप एकानं लांब! हे कळलं तेव्हा मला स्वतःला एवढा आनंद झाला की मी ऑफिसमध्ये दोघांना पकडून सांगितलं.

फ्लॅपी बर्ड आठवतो का, व्हिएतनामच्या डाँग गुयेन या तरुणाचा, 2013 मध्ये आला, 2014 च्या सुरुवातीला जगभर पोरं वेडी झाली आणि त्याच फेब्रुवारीत त्यानं स्वतःच तो स्टोअरवरून काढून टाकला. असल्या गेममध्ये पक्षी पुढे उडत नसतो. तो आडवा एका जागीच असतो, पाइप डावीकडे सरकत येतात, रेल्वेत बसल्यावर झाडं मागे पळतात तसे. पक्ष्याच्या खाली येण्याच्या वेगात दर फ्रेमला थोडी भर घालायची, हे झालं गुरुत्वाकर्षण, आणि बोट लागलं की तो वेग एकदम उणे करायचा, म्हणजे पक्षी उसळला. नववीच्या विज्ञानात गतीची समीकरणं असतात, व्ही बरोबर यू अधिक एटी, पोरं घोकून लिहितात. इथं ए चा, म्हणजे दर फ्रेमला घालायच्या त्या भरीचा, आकडा जास्त ठेवला तर पक्षी दगडासारखा पडतो, कमी ठेवला तर फुग्यासारखा, आणि बरोबर आकडा सापडेपर्यंत पोरगी ते समीकरण चाळीसदा चालवून बघते. कुणी ‘अभ्यास कर’ म्हणत नाही.

आता लोक मला जे जे विचारतात त्यावर येते.

“पण शेवटी ती स्क्रीनसमोरच बसते ना?”

बसते. ते खोटं कशाला बोलू. डोळे, मान, सगळं तेच. माझ्या बहिणीची पहिली तक्रार हीच होती, “ताई, तू तिला गेम सोडवायच्या नादात गेमलाच लावलंस.” पण एक फरक मी बघितला, गेम खेळताना ती दोन तास उठत नाही आणि उठली की चिडकी असते, बनवताना ती दर वीस मिनिटांनी अडकते, मग कागद शोधते, चकरा मारते, फ्रीज उघडून उभी राहते. आणि स्वतःचा गेम फार वेळ खेळवत नाही हो, तिसऱ्या मिनिटाला कंटाळा येतो कारण सगळी गुपितं माहीत असतात. तरी वेळ लावून द्या. आमच्याकडे दिवसाला दीड तास ठरलेला, आणि तो ती पाळत नव्हती हेही सांगते.

“इंग्रजी आणि गणित कच्चं आहे, जमेल का?”

अगदी लहानांसाठी स्क्रॅच आहे, अमेरिकेतल्या एमआयटीनं 2007 मध्ये सगळ्यांसाठी खुलं केलं, त्यात टाइप करायचंच नसतं, रंगीत ठोकळे एकमेकांत अडकवायचे, फुकट आहे आणि ब्राउझरमध्ये चालतं. पाचवी-सहावीचं पोरगं तिथून सुरू करू शकतं. ठोकळे म्हणजे पोरखेळ असं समजू नका, गेम लूप, डबे, जर-तर, सगळं त्यात आहे, आमचा आंब्याचा बग स्क्रॅचमध्येही तसाच करता येतो.

त्यापुढे पायथन, ही टाइप करायची भाषा, आणि तिच्यासोबत पायगेम नावाचं फुकट मिळणारं साहित्य. भाचीनं हेच वापरलं. पायथनचे स्वतःचे राखीव शब्द आहेत मोजून 35, आणि गेमला त्यातले दहा-बारा पुरतात. ती मराठी माध्यमात शिकते. तिला अडलं ते या शब्दांनी नाही, अडलं चूक झाली की कॉम्प्युटर जे संदेश दाखवतो ते वाचताना, लाल अक्षरात इंग्रजीतून पाच ओळी आल्या की ती वाचायच्या आधीच खिडकी बंद करून टाकायची. मग आम्ही नियम केला, शेवटची ओळ मोठ्यानं वाचायची आणि ओळ नंबर बघायचा, बस. आठवड्यात भीड चेपली.

गणित म्हणाल तर बेरीज-वजाबाकी, आलेख आणि लहान-मोठं ओळखणं एवढ्यावर पहिले चार-पाच गेम होतात. पुढे दोन गोष्टींतलं तिरकं अंतर काढायला पायथागोरस लागतो, पण तेव्हा पोरगं स्वतः विचारत येतं.

“महागडा लॅपटॉप घ्यायला लागेल का?”

नाही. दुकानदार सांगेल लागतो म्हणून, गेमिंग लॅपटॉप, ग्राफिक्स कार्ड, लाखभर रुपये. ते मोठे गेम खेळायला. आंबे पाडायला घरातला जुना लॅपटॉप पुरतो, कराडचा दहा वर्षांचा आहे. पुढे थोडं मोठं करायचं झालं तर गोडो नावाचं इंजिन आहे. इंजिन म्हणजे गेम लूप, टक्कर ओळखणं, आवाज, हे सगळं आधीच करून ठेवलेलं तयार साहित्य, डोशाचं तयार पीठ आणतो तसं. गोडो अर्जेंटिनातल्या दोघांनी सुरू केलं, 2014 पासून सगळ्यांसाठी खुलं आणि पूर्ण फुकट. युनिटी जास्त प्रसिद्ध आहे, पण 2023 मध्ये त्यांनी गेम किती वेळा इन्स्टॉल झाला त्यावर पैसे घ्यायचं जाहीर केलं, जगभरचे गेमवाले खवळले, आणि वर्षभरानं ते मागे घ्यावं लागलं. शिकणाऱ्या पोराला त्याचा काही त्रास नाही, तरी मी गोडोच सुचवीन.

आणि क्लास? माझ्या एका मैत्रिणीनं मुलाला एका ऑनलाइन क्लासला घातलं, फी ऐकून मला घाम फुटला, महिन्यानं त्यानं गेम दाखवला आणि मी म्हटलं आता याचा वेग वाढव बघू, तर त्याला कुठली ओळ बदलायची तेच माहीत नव्हतं, सरांनी सांगितलं ते टाइप केलेलं. सगळे क्लास असे नसतील. पण घालायच्या आधी एवढी परीक्षा घ्या, मुलाला एखादा आकडा बदलायला सांगा.

“एआय आहे ना आता, एका मिनिटात कोड देतं, मग शिकायचं कशाला?”

हा प्रश्न योग्य आहे आणि याला हसण्यावारी नेणाऱ्यांवर माझा विश्वास नाही. खरंच देतं. भाचीनं माझ्यासमोर एआयला सांगितलं, आंबे झेलायचा गेम दे, आणि मिनिटभरात तिच्या वीस दिवसांच्या गेमपेक्षा देखणा गेम समोर आला, तिचा चेहरा पडला होता. मग तिला त्यात एक बदल हवा होता, पिकलेल्या आंब्याला दोन गुण आणि नासक्या आंब्याला उणे एक. एआयनं तोही केला, पण त्या नादात गुण शून्याच्या खाली गेले की गेम अचानक थांबायला लागला. ती म्हणाली, “यानं कुठेतरी ‘शून्याहून कमी’ असं विचारलं असणार”, आणि तिनं ती ओळ शोधली. महिनाभर आधी ती फक्त ‘चालत नाहीये’ एवढंच सांगू शकली असती.

म्हणजे कोड लिहायची मजुरी कमी झालीय, नेमकं बोट ठेवायचं काम तसंच आहे, उलट वाढलंय, माझ्या ऑफिसमध्ये तर फारच. शिकणाऱ्यासाठी मी एआयला गाइडसारखं मानते. गणित न सोडवता गाइड उघडलं तर उत्तर वहीत येतं आणि डोक्यात येत नाही, हे आपल्याला दहावीपासून माहीतच आहे. आमच्याकडे नियम असा होता की आधी वीस मिनिटं स्वतः, मग एआयला ‘उत्तर नको, कुठे बघू ते सांग’. कधी पाळला, कधी नाही.

“यात करिअर आहे का, स्पष्ट सांगा”

गेमच्या कंपन्या भारतात आहेत, पुण्यातच बऱ्या आहेत. नॉडिंग हेड्स गेम्स या पुण्याच्या छोट्या टीमनं राजी: ॲन एन्शंट एपिक बनवला, 2020 मध्ये आला, जगभरात चर्चा झाली. पण त्याच टीमनं 2017 मध्ये लोकांकडून ऑनलाइन वर्गणी काढून पैसे उभे करायचा प्रयत्न केला होता आणि ठरवलेली रक्कम जमली नव्हती, हे कुणी सांगत नाही. सुपरगेमिंग ही इंडस नावाचा गेम करणारीही पुण्याचीच. गेममध्ये फक्त प्रोग्रामर नसतात हेही लक्षात घ्या, चित्रं काढणारे, आवाज करणारे, गोष्ट लिहिणारे, लेव्हल रचणारे, आणि माझ्यासारखे चुका काढणारेही असतात.

एकट्यानं गेम बनवून लाखो कमावणारे असतात, पण ते लॉटरीचं तिकीट आहे, त्याच्या जिवावर घराचा हप्ता धरू नका. बहुतेक छोटे गेम मित्र आणि मावशी एवढेच खेळतात. आणि नववीतल्या पोरीच्या आंब्याच्या गेमकडे करिअर म्हणून बघणं मला जरा घाईचंच वाटतं, आपण तिला भरतनाट्यमला घालतो तेव्हा अरंगेत्रमचा खर्च काढून बसत नाही. ती पुढे सीए झाली तरी एक्सेलमध्ये डब्यात काय ठेवलंय ते तिला दिसेल.

बाकी सुरुवात करायला एवढंच सांगीन की पहिला गेम एका दिवसात संपेल एवढा लहान घ्या. 1972 मध्ये अटारी कंपनीत ॲलन अल्कॉर्न या नव्या इंजिनिअरला हात बसावा म्हणून सरावाचं काम दिलं होतं, दोन फळ्या, एक चेंडू, मध्ये जाळी. तो पाँग. सराव म्हणून केलेला तो गेम एवढा चालला की त्यावर कंपनी उभी राहिली, पण ते सोडा, दोन फळ्या आणि एक चेंडू अजूनही सरावाला उत्तम आहे. तो झाला की साप, मग उसळणारा पक्षी.

काल रात्री भाचीचा मेसेज आलाय, की डावं बटण दाबून धरलं तर टोपली स्क्रीनच्या बाहेर जाते आणि परत यायला युगं लागतात, लॅपटॉप खराब असेल का. मी एवढंच लिहिलं, टोपलीचा एक्स छापून बघितलास का. अजून उत्तर नाही, बहुतेक उणे चारशेवर कुठेतरी शोधत असेल.